एमआरआय: आम्हाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परळ भागात गेली एकोणीस वर्षं मी एमआरआय टेक्निशियन म्हणून काम करते आहे. खालचे प्रश्न काउंटरवर, फोनवर आणि व्हॉट्सॲपवर पुन्हापुन्हा येतात. काही सातारा-कोल्हापूरहून टाटाला आलेल्या नातेवाइकांचे आहेत, काही शेजारच्या चाळीतल्या काकूंचे. उत्तर आधी येऊन गेलं असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. तुमच्या आजाराबाबत शेवटचा शब्द अर्थातच तुमची फाइल समोर असलेल्या डॉक्टरांचा.

१. एमआरआयमध्ये किरणं लागतात का? सीटी स्कॅनपेक्षा कमी की जास्त?

एक्स-रे आणि सीटीतली किरणं एमआरआयमध्ये नसतातच, त्यामुळे कमी-जास्तचा प्रश्न येत नाही. आपलं शरीर बरंचसं पाण्याचं, आणि पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू. प्रबळ चुंबकाच्या क्षेत्रात या अणूंची केंद्रकं ठरावीक वेगाने गिरक्या घेतात. त्या वेगाशी जुळणारी रेडिओलहर सोडली की ती ऊर्जा घेतात, लहर थांबवली की परत देतात. परत येणारा तो क्षीण सिग्नल आम्ही टिपतो आणि त्यातून चित्र तयार होतं.

चुंबकाची ताकद टेस्ला या एककात मोजतात. दीड टेस्लाच्या यंत्रात ही लहर सुमारे ६४ मेगाहर्ट्झची असते, तीन टेस्लाच्या यंत्रात सुमारे १२८ ची. तुमचा एफएम रेडिओ ८८ ते १०८ मध्ये वाजतो, म्हणजे आमची यंत्रं त्याच्या एक अलीकडे आणि एक पलीकडे. म्हणूनच स्कॅनच्या खोलीला आतून धातूच्या पत्र्याचं, बहुतेकदा तांब्याचं, अस्तर असतं. नाहीतर बाहेरच्या लहरी चित्रात उतरतील.

केंद्रकांचा हा गुणधर्म १९४६ मध्ये फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी दाखवला. ब्लॉख स्टॅनफर्डला होते. तिथे काम केलेले एस. एस. धर्मट्टी पुढे मुंबईत, आज कुलाब्याला असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि त्यांनी या विषयाचं काम इथे सुरू केलं. कुलाब्याला ही परंपरा रुग्णालयांत एमआरआय यंत्रं येण्याच्या कितीतरी आधीची आहे, हे मी नव्या मुलांना आवर्जून सांगते.

२. तीन टेस्लाचं यंत्र दीडपेक्षा चांगलं ना? मग तिथेच करू का?

नेहमीच नाही. क्षेत्र दुप्पट केलं की सिग्नल साधारण दुप्पट मिळतो, पण शरीरात शोषली जाणारी ऊर्जा जवळपास चौपट होते आणि धातूजवळची विकृतीही वाढते. मेंदूतली बारीक जखम, फिट्सचं मूळ शोधणं, प्रोस्टेट, मनगटाचे छोटे अस्थिबंध इथे तीन टेस्लाचा खरा फायदा दिसतो. पाठीच्या कण्यात स्क्रू असतील किंवा पोटात खूप पाणी झालं असेल, तर दीडवर चित्र बऱ्याचदा स्वच्छ येतं.

संशोधन दोन्ही दिशांना चाललं आहे. सात टेस्लाच्या यंत्राला अमेरिकेत २०१७ मध्ये रुग्णांसाठी मंजुरी मिळाली. फ्रान्समध्ये साक्ले इथल्या ११.७ टेस्लाच्या यंत्रातून काढलेली जिवंत माणसांच्या मेंदूची चित्रं २०२४ मध्ये जगापुढे आली. दुसऱ्या टोकाला ०.५५ टेस्लाची मोठ्या तोंडाची यंत्रं आहेत, आणि थेट आयसीयूतल्या खाटेपाशी ढकलत नेता येणारं ०.०६४ टेस्लाचं मेंदूचं यंत्रही आहे. मला ही दुसरी दिशा जास्त मोलाची वाटते. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला तीन मजले खाली आणताना जो जीव टांगणीला लागतो, तो मी अनेकदा पाहिला आहे.

तुम्ही फोनवर फक्त टेस्लाचा आकडा विचारता. त्यासोबत त्या अवयवाजवळ ठेवून सिग्नल टिपणारी स्वतंत्र कॉइल आहे का आणि अहवाल कोण वाचणार, हेही विचारा.

३. मागच्या वेळी पाऊण तास लागला होता, या वेळी पंधरा मिनिटांत झालं. घाईत उरकलं का?

नाही. गेल्या पंचवीस वर्षांतली या क्षेत्रातली सर्वांत मोठी प्रगती हीच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

यंत्र कॅमेऱ्यासारखा फोटो काढत नाही. ते चित्राची मापं एकेक ओळ करून गोळा करतं आणि सगळ्या ओळी जमल्या की गणिताने चित्र उभं राहतं. ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांपुढे आणा. आधी सगळे ठिपके, मग नक्षी. वेळ लागतो तो ठिपके मांडायला. तेव्हा प्रश्न असा होता की थोडे ठिपके गाळूनही नक्षी तीच येईल का?

पहिलं उत्तर १९९० च्या दशकाच्या शेवटी मिळालं. शरीराभोवती एकाऐवजी अनेक कॉइल ठेवल्या की प्रत्येकीला तोच सिग्नल वेगळ्या ताकदीने मिळतो. मंडपाच्या चार कोपऱ्यांत चार माणसं बसली तर ढोलकी प्रत्येकाला कमी-जास्त ऐकू येते, आणि चौघांचं ऐकून ढोलकी कुठे वाजते आहे ते सांगता येतं. तसंच गाळलेल्या ओळी या फरकावरून भरून काढता येतात. १९९९ ची सेन्स आणि २००२ ची ग्रॅपा या पद्धती याच तत्त्वावर चालतात आणि आज जवळपास प्रत्येक स्कॅनमध्ये त्यांचं एखादं रूप असतं.

दुसरं उत्तर २००७ मध्ये लुस्टिग, डोनोहो आणि पॉली यांनी दिलं. एकाआड एक ठिपका गाळला तर चित्रात ठरावीक अंतरावर खोटी सावली उमटते, आणि ती खऱ्या अवयवासारखी दिसते. तेच ठिपके इकडचेतिकडचे गाळले तर चूक धुरळ्यासारखी सगळीकडे पसरते. धुरळा पुसता येतो. या पद्धतीला कॉम्प्रेस्ड सेन्सिंग म्हणतात.

आमच्याकडे गुडघ्याला पूर्वी वीस-पंचवीस मिनिटं लागायची, आता दहाच्या आत होतो. यात फायदा फक्त वेळेचा नाही. कंबर दुखणारा माणूस पाऊण तास निश्चल पडूच शकत नाही. तो हलला की सगळ्या ओळी बिघडतात. हललेल्या लांब स्कॅनपेक्षा न हललेला छोटा स्कॅन कितीतरी स्पष्ट येतो.

४. आता चित्र एआय बनवतं म्हणे. मग ते खरं कसं मानायचं?

शंका रास्त आहे. आधी प्रश्न ३ वाचा, त्यातली रांगोळी इथे पुन्हा लागेल.

हजारो रांगोळ्या काढलेल्या बाईला अर्धे ठिपके दिसले तरी नक्षी ओळखता येते. २०२० पासून रुग्णालयांत आलेल्या डीप लर्निंगच्या पद्धती असंच शिकलेल्या असतात. पूर्ण मापांची असंख्य चित्रं बघून त्या गोंगाट आणि खरी रेघ वेगळी करतात. २०१८ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठ आणि फेसबुकच्या संशोधकांनी यासाठी स्कॅनचा मोठा साठा सर्वांना खुला केला, त्यामुळे जगभरच्या लोकांना एकाच मापाने आपली पद्धत तपासता आली.

धोकाही त्याच सवयीतून येतो. एखादी रांगोळी नेहमीच्या नक्षीची नसेल, तर सवयीचा हात ती नेहमीसारखी करून टाकू शकतो. म्हणून चांगल्या पद्धतीत चित्र तयार झाल्यावर ते प्रत्यक्ष मोजलेल्या मापांशी पुन्हा ताडलं जातं, आणि मापांच्या विरुद्ध जाणारी दुरुस्ती मान्य होत नाही. तरीही फार कमी ओळी मोजल्या तर बारीक गोष्ट पुसली जाऊ शकते. आमच्याकडे रेडिओलॉजिस्टना एखादी रेघ खटकली, तर तेवढा भाग कमी वेगाने पुन्हा काढतो. तुम्हाला पुन्हा आत झोपायला सांगितलं तर कृपा करून चिडू नका. ती काळजी तुमच्याचसाठी असते.

अहवाल एआय लिहीत नाही. वाचतात आणि सही करतात ते डॉक्टर.

५. एवढा खडखडाट का होतो?

चित्रात कुठलं टोक कुठे आहे हे कळावं म्हणून चुंबकक्षेत्रात क्षणाक्षणाला फरक करावा लागतो. ते काम करणाऱ्या ग्रेडियंट कॉइलमधून प्रचंड प्रवाह झटपट चालू-बंद होतो आणि मुख्य चुंबकाच्या क्षेत्रात ती कॉइल थरथरते. यंत्र बिघडलेलं नसतं. आवाज शंभर डेसिबलच्या वर जाऊ शकतो, म्हणून इअरप्लग किंवा हेडफोन घ्यायचेच. काही नव्या पद्धतींत प्रवाह हळूहळू बदलून आवाज खूप कमी करता येतो. लहान मुलांसाठी त्या उपलब्ध आहेत का, ते आधी विचारा.

६. मला बंद जागेत जीव घाबरा होतो. काय करू?

नाव नोंदवतानाच सांगा, आयत्या वेळी नको. जुन्या यंत्रांचं तोंड ६० सेंटिमीटरचं होतं, आता ७० चं सर्रास मिळतं आणि काही ०.५५ टेस्लाच्या यंत्रांचं ८० चं आहे. गुडघा किंवा घोट्यासाठी डोकं बाहेरच राहतं. हातात रबरी फुगा देतो, तो दाबला की आम्ही लगेच थांबतो. डोळ्यांवर आधीच रुमाल ठेवून आत जा, आत गेल्यावर डोळे मिटणं अवघड जातं. माझ्या अनुभवात निम्मी भीती टेक्निशियनच्या आवाजाने कमी होते. म्हणून दर सिक्वेन्सआधी, म्हणजे स्कॅनच्या प्रत्येक टप्प्याआधी, किती मिनिटं लागणार ते मी माइकवरून सांगते.

७. स्कॅन चालू नसताना खोलीत गेलं तर चालेल ना?

नाही. कधीच नाही. हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.

बहुतेक रुग्णालयांतलं चुंबक अतिवाहक, म्हणजे थंड केल्यावर विजेला अजिबात अडवत नाही अशा, तारेचं असतं. द्रव हेलियमने ती तार उणे २६९ अंश सेल्सियसच्या आसपास थंड ठेवलेली असते, आणि तिच्यातून एकदा सोडलेला प्रवाह फिरतच राहतो. दिवे बंद, आवाज बंद, दिवाळीची सुट्टी, काहीही असो, चुंबक चालूच असतं. दीड टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट.

२०१८ च्या जानेवारीत मुंबईतल्याच एका रुग्णालयात नातेवाइकासोबत आलेला एक तरुण ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन खोलीत शिरला. सिलिंडर यंत्राकडे खेचला गेला आणि त्या तरुणाचा जीव गेला. आमच्या दारावर तेव्हापासून मराठी, हिंदी आणि गुजरातीत मोठी पाटी आहे. व्हीलचेअर, स्ट्रेचर, सिलिंडर, चाव्या, कात्री, मोबाइल यांतलं काहीही दाराच्या आत नको. वॉर्डबॉय, सिस्टर, अगदी डॉक्टर "जा" म्हणाले तरी टेक्निशियनला विचारल्याशिवाय उंबरा ओलांडू नका.

८. हेलियम नसलेली यंत्रं आली आहेत म्हणतात. त्याने आपल्याला काय फरक पडतो?

मुंबईत बराच पडतो. जुन्या पद्धतीच्या चुंबकात दीड-दोन हजार लिटर द्रव हेलियम असतो, आणि तो आयात करावा लागतो. थंडावा गेला तर त्याची वाफ होते आणि एका लिटरचा सातशे लिटरहून जास्त वायू बनतो. याला क्वेंच म्हणतात. तो वायू बाहेर सोडायला छतापर्यंत जाडजूड नळी न्यावी लागते. परळ-गिरगावच्या जुन्या इमारतीत ही नळी आणि काही टनांचं चुंबक बसवायचं म्हणजे काय, ते जागा शोधणाऱ्यालाच ठाऊक. त्यातच जवळून जाणारी लोकल, लिफ्ट, ट्रक असं हलतं लोखंड क्षेत्र डळमळीत करतं, तो बंदोबस्त वेगळा.

सीलबंद चुंबकांत आता सात लिटर, काहींत एका लिटरहूनही कमी हेलियम पुरतो. त्यामुळे नळीची गरज संपते, वजन कमी होतं आणि पावसाळ्यात वीज गेली की येणारी धास्तीही बरीच ओसरते.

पवईला आयआयटीच्या आवारात असलेल्या समीर या केंद्र सरकारी संस्थेने इतर संस्थांसोबत दीड टेस्लाचं भारतीय यंत्र विकसित केलं आहे. चाचणीसाठी ते दिल्लीच्या एम्समध्ये बसवण्याचा करार २०२५ मध्ये झाला. ते जिल्ह्याच्या रुग्णालयांत पोहोचावं, म्हणजे सोलापूरच्या पेशंटला रात्रीची गाडी पकडून इथे यावं लागणार नाही.

९. मंगळसूत्र, जोडवी, काळा दोरा काढावाच लागतो का?

हो, सगळं. सोनं चुंबकाला चिकटत नाही हे खरं, पण कडी आणि तार कशाची आहे ते खात्रीने सांगता येत नाही. शिवाय कुठल्याही धातूच्या कड्यात रेडिओलहरींमुळे उष्णता तयार होऊ शकते. साडीच्या निरीतली सेफ्टी पिन, केसातली आकडी, ताईत, नथ हे लोक हमखास विसरतात. चांदीचे धागे असलेले व्यायामाचे कपडे आणि चुंबकाने चिकटणाऱ्या पापण्या नव्याने यादीत आल्या आहेत. दंडावरचा साखर मोजणारा सेन्सरही बहुधा काढावा लागतो.

मंगळसूत्र काढायला मन धजत नाही, हे मी समजू शकते. एका आजींनी घरून येतानाच पिवळ्या दोऱ्यात हळकुंड ओवून आणलं होतं. ते गळ्यात बांधलं, मंगळसूत्र सुनेकडे दिलं आणि निवांत आत गेल्या. हळकुंडाला यंत्राची काही हरकत नाही.

१०. बाबांचा सीटी नॉर्मल आला, तरी डॉक्टर लकव्यासाठी एमआरआय सांगतात. कशाला?

कारण सीटी पहिल्या काही तासांत नॉर्मल दिसू शकतो. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला की पेशी फुगतात आणि पाण्याच्या रेणूंची हालचाल अडते. डिफ्यूजन नावाच्या स्कॅनमध्ये ती अडलेली जागा काही मिनिटांतच पांढरी उजळते. सीटी मात्र रक्तस्राव चटकन दाखवतो, म्हणून तो आधी करणं बरोबरच होतं.

आणखी एक उपयोग फार मोठा आहे. माणूस सकाळी उठला तोच तोंड वाकडं होऊन. झटका कधी आला, कोणालाच ठाऊक नाही. गुठळी विरघळवण्याचं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, म्हणून पूर्वी असा पेशंट या उपचाराला मुकायचा. डिफ्यूजनवर जखम दिसते पण फ्लेअर या दुसऱ्या चित्रात अजून उमटलेली नाही, तर झटका बहुधा ताजा आहे. या आधारावर औषध देऊन फायदा होतो, हे २०१८ मध्ये युरोपातल्या चाचणीने दाखवलं. म्हणून "उठल्यापासून असं आहे" हे शब्द आत आल्याआल्या सांगा, आणि रात्री शेवटचं नीट कधी पाहिलं तेही.

११. मुलाला थॅलेसेमिया आहे. फेरिटिन दर तीन महिन्यांनी करतो, मग हृदयाचा एमआरआय वेगळा का?

थॅलेसेमियात वारंवार रक्त चढवल्याने अंगात लोह साठतं. त्याचा अंदाज देणारा रक्तातला फेरिटिन हृदयात किती लोह साठलं ते खात्रीने सांगत नाही. फेरिटिन बरा असूनही हृदय लोहाने भरलेलं असू शकतं. लोह जितकं जास्त तितका सिग्नल लवकर विझतो. हा विझण्याचा वेळ टी-टू-स्टार म्हणून मिलिसेकंदात मोजतात. वीसच्या खाली म्हणजे हृदयात लोह साठू लागलं आहे, दहाच्या खाली म्हणजे धोका मोठा. ही पद्धत २००१ मध्ये लंडनहून जाहीर झाली आणि त्यानंतर औषध बदलण्याचा निर्णय वेळेवर घेता येऊ लागला. सुई नाही, इंजेक्शन नाही, एका दमात मोजणी होते. मुलाला श्वास रोखून धरण्याची सवय घरी करून आणा. उल्हासनगरहून येणारी एक आई घड्याळ लावून खेळासारखा सराव करून घ्यायची, आणि त्या मुलाचा स्कॅन पहिल्याच प्रयत्नात व्हायचा.

१२. फॅटी लिव्हरसाठी बायोप्सी टाळता येते का?

अनेकदा येते. चरबीचं प्रमाण टक्क्यांत मोजता येतं. बरगड्यांवर ठेवलेल्या छोट्या कंपकाने लिव्हर किती कडक झालं तेही कळतं, त्याला इलास्टोग्राफी म्हणतात. मात्र सूज नेमकी कशाने आहे याची शंका उरली तर बायोप्सी लागू शकते.

१३. रंगाचं इंजेक्शन किडनीला वाईट का?

एमआरआयचं इंजेक्शन गॅडोलिनियम या धातूचं असतं, सीटीच्या आयोडीनपेक्षा वेगळं. किडनी फार कमकुवत असलेल्यांमध्ये त्यामुळे त्वचा घट्ट होण्याचा दुर्मिळ पण गंभीर आजार होतो, हे २००६ मध्ये लक्षात आलं. धातू सैल धरून ठेवणाऱ्या जुन्या संयुगांचा तो दोष होता. युरोपने २०१७ मध्ये त्यांतल्या बहुतेकांचा वापर थांबवला. पिंजऱ्यासारखी घट्ट रचना असलेल्या आजच्या संयुगांत हा धोका अतिशय कमी आहे, आणि २०२२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं गॅडोपिक्लेनॉल नेहमीच्या निम्म्या मात्रेत पुरतं. डायलिसिस चालू असेल किंवा ईजीएफआर (किडनी किती काम करते ते सांगणारा रक्ततपासणीतला आकडा) ३० च्या खाली असेल तर आधी सांगा.

१४. गरोदर असताना किंवा बाळ अंगावर पीत असताना चालतो का?

गरज असेल तर इंजेक्शनशिवायचा एमआरआय गरोदरपणात करता येतो. गॅडोलिनियम मात्र टाळतात. अंगावर पाजणाऱ्या आईने इंजेक्शननंतर दूध काढून टाकण्याची गरज नाही, दुधात उतरणारा अंश नगण्य असतो.

१५. अँजिओप्लास्टीचा स्टेंट, कॉपर-टी, बदललेला गुडघा, दातातलं सिमेंट?

सहसा यातलं काहीही स्कॅनच्या आड येत नाही, पण फॉर्मवर लिहा. बदललेल्या सांध्याजवळचं चित्र बिघडतं, त्यासाठी धातूची विकृती कमी करणारे खास सिक्वेन्स आता आहेत. अपवाद दोन. मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या फुग्यावर बसवलेली जुनी क्लिप, कारण जुन्या काळच्या काही क्लिपा चुंबकाने सरकू शकतात. आणि कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, कारण त्याच्या आतच चुंबक असतं. नव्या इम्प्लांटमध्ये ते फिरतं ठेवलेलं असतं म्हणून चालतं, जुन्यासाठी कंपनीचं पत्र आणा.

१६. पेसमेकर एमआरआयला चालणारा आहे असं कार्डावर लिहिलंय. तरी नाही म्हणाले, असं का?

बहुधा तारेमुळे. अमेरिकेत एमआरआयसाठीचा पहिला पेसमेकर २०११ मध्ये मंजूर झाला, पण ती मंजुरी डबी आणि तारा मिळून असते. बॅटरी संपल्यावर नवी डबी जुन्या तारांना जोडली असेल, किंवा न वापरातली तार आतच ठेवली असेल, तर कार्ड खरं असूनही अट पूर्ण होत नाही. अशा वेळी दार कायमचं बंद नसतं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जुन्या उपकरणांसह दीड टेस्लावर केलेल्या पंधराशे स्कॅनमध्ये, ठरलेली काळजी घेतल्यावर, स्कॅनदरम्यान एकही मृत्यू झाला नाही. पण त्यासाठी कार्डिओलॉजिस्ट आणि उपकरणाचा प्रोग्रॅमर स्कॅनच्या आधी व नंतर हजर लागतात. जिथे ही सोय आहे तिथेच जा.

१७. मी लेथवर काम करायचो. डोळ्यात कण गेला होता, पण निघाला. तरी एक्स-रे का?

साकीनाका, भांडुपच्या वर्कशॉपमधल्या कामगारांना मी हा प्रश्न स्वतःहून विचारते. लोखंडाचा केसाएवढा कण आत राहिला तरी वर्षानुवर्षं त्रास देत नाही, पण चुंबकात तो सरकला तर दृष्टी जाऊ शकते. एक्स-रेत तो दिसतो. पाच मिनिटांचं काम आहे.

१८. पेशंट बेशुद्ध आहे आणि सोबत कोणालाच जुनं काही माहीत नाही. मग फॉर्म कसा भरायचा?

अंदाजाने "नाही" लिहू नका, "माहीत नाही" लिहा. आम्ही अंगावर ऑपरेशनच्या खुणा बघतो. डोकं, छाती आणि पोटाचे एक्स-रे किंवा नुकताच झालेला सीटी तपासतो, आणि मग रेडिओलॉजिस्ट ठरवतात. तेवढ्या वेळात घरी फोन लावा. कपाटातली डिस्चार्जची जुनी कागदपत्रं, पाकिटातलं इम्प्लांटचं छोटं कार्ड, जे सापडेल त्याचा फोटो मागवून घ्या आणि थेट आमच्या हातात द्या.